नावडत्या व्यक्तिरेखांची बाजू : ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेच्या निमित्ताने

१

व्यक्तिरेखा नावडती असणे आणि व्यक्तिरेखा फसलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट वाचकाच्या अथवा प्रेक्षकाच्या प्रतिसादाविषयी काही सांगते. दुसरी कलाकृतीच्या घडणीविषयी. समीक्षाव्यवहारात मात्र या दोहोंची सरमिसळ सर्रास होते. ‘अमुक पात्र असह्य वाटते’ या विधानापासून ‘अमुक पात्र अनावश्यक आहे’ या विधानापर्यंतचा प्रवास इतका सहज होतो, की मधली विचाराची पायरी गाळली गेली आहे हे ध्यानातही येत नाही. कादंबरीवरील प्रबंधांत आणि नाटकावरील परीक्षणांत ‘या पात्राशी तादात्म्य साधत नाही’ हे वाक्य दोषदिग्दर्शन म्हणून लिहिले जाते. तादात्म्य साधू नये अशीच त्या पात्राची योजना असेल काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या सरमिसळीचे परिणाम तपासण्यासाठी ‘स्टार वॉर्स’ ही अमेरिकन विज्ञानचित्रपटांची मालिका विशेष उपयोगी पडते. १९७७ ते २०१९ या बेचाळीस वर्षांत तिचे मुख्य कथानक नऊ चित्रपटांत पूर्ण झाले. जॉर्ज ल्यूकस यांच्या कल्पनेतून १९७७, १९८० आणि १९८३ मध्ये आलेली पहिली त्रयी कथाक्रमाने मधली आहे. १९९९, २००२ आणि २००५ मध्ये ल्यूकस यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या दुसऱ्या त्रयीत त्याआधीची कथा, म्हणजे एका प्रजासत्ताकाचे साम्राज्यात रूपांतर कसे झाले याची हकीकत येते. २०१२ मध्ये ल्यूकस यांची कंपनी डिस्नेने विकत घेतल्यावर २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये तिसरी त्रयी निघाली. या मालिकेवर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम करणाऱ्या प्रेक्षकवर्गाने तिच्यातील काही पात्रांचा तितक्याच उत्कटतेने द्वेष केला. जार जार बिंक्स, तरुण अ‍ॅनाकिन स्कायवॉकर आणि रोझ टिको ही त्यांतील तीन ठळक नावे. ही तिन्ही पात्रे मालिकेच्या आशयाला बाधक नसून त्या आशयाच्या केंद्राशी आहेत, असे साधार म्हणता येते.

२

या मालिकेची एक रचनापद्धती प्रथम लक्षात घेतली पाहिजे. १९७७ च्या पहिल्या चित्रपटाची सुरुवात नायकापासून होत नाही. सी-थ्रीपीओ हा भित्रा, बडबड्या यंत्रमानव आणि त्याचा शिट्यांच्या भाषेत बोलणारा सोबती आर-टू डी-टू यांच्या मागोमाग प्रेक्षक कथेत शिरतो. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) या चित्रपटात सरदार आणि राजकन्येची कथा दोन भांडकुदळ, लोभी शेतकऱ्यांच्या नजरेतून सांगितली आहे. तेथून ही कल्पना घेतल्याचे ल्यूकस यांनी सांगितलेले आहे. वीरकथा क्षुद्र मानल्या गेलेल्यांच्या बाजूने पाहायची, हा या मालिकेचा मूळ संकेत होय. हे यंत्रमानव विकत घेतले जातात. मद्यगृहातील सेवक त्यांना दारातूनच हाकलतो. परंतु बंडखोरांचे भवितव्य ज्या नकाशावर अवलंबून आहे, तो त्यांच्याचपैकी एकाच्या पोटात असतो.

१९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये या संकेताला परीक्षेचे रूप येते. थोर गुरूच्या शोधात निघालेल्या ल्यूक स्कायवॉकरला दलदलीच्या ग्रहावर एक बुटका, हिरवा, विचित्र बोलणारा प्राणी भेटतो. तो ल्यूकचे खाणे चाखून पाहतो, पेटीतील सामान भिरकावतो, एका दिव्यासाठी यंत्रमानवाशी ओढाताण करतो. ल्यूक चिडतो. तो प्राणी म्हणजेच गुरू योडा, हे उघड होते तेव्हा ल्यूकची चिडचिड हीच त्याची परीक्षा होती आणि तीत तो अनुत्तीर्ण झाला, हे कळते. प्रेक्षकही त्याच्याबरोबर चिडलेला असतो. परंतु उलगडा लगेच होत असल्यामुळे त्याला आपली चूक विसरण्याची सोय मिळते. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये केसाळ, अस्वलासारखे ईवॉक दगड, ओंडके आणि बाणांच्या बळावर साम्राज्याच्या सुसज्ज तुकडीला हरवतात. ही खेळण्यांच्या बाजारासाठी केलेली तडजोड आहे, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु या लढाईमागे व्हिएतनाम युद्धाची प्रेरणा होती, हेही ल्यूकस यांनी सांगितले आहे. महासत्ता ज्यांची गणतीच करीत नाही त्यांच्याकडून ती पराभूत होते, हा तिचा अर्थ आहे.

म्हणजे कस्पटासमान लेखल्या गेलेल्या पात्रांच्या हाती कथेची कळ असणे, हे या मालिकेत १९९९ पूर्वीच रूढ झाले होते. जार जारची व्यक्तिरेखा या परंपरेत ठेवून पाहिली पाहिजे.

३

‘द फँटम मेनस’ (१९९९) मधील जार जार बिंक्स हा नाबू ग्रहावरील गन्गन या जलनिवासी जमातीचा. धांदरटपणामुळे त्याला स्वजनांनीच हद्दपार केले आहे. क्वाय-गॉन जिन हा जेडाय योद्धा त्याचा जीव वाचवतो आणि त्या ऋणाने बांधलेला जार जार त्याच्यामागे फरफटत जातो. तो धडपडतो, जिभेने फळे पळवतो, नको तेथे हात घालतो. प्रेक्षकांना तो असह्य झाला. एका चाहत्याने त्याच्या प्रसंगांना कात्री लावून चित्रपटाची निराळी आवृत्तीच तयार केली आणि २००१ च्या सुमारास ती हातोहात पसरली.

या कात्रीने चित्रपटातून नेमके काय गेले असते? नाबूवर दोन समाज राहतात. भूमीवरील सुसंस्कृत नाबूवासी गन्गनांना रानटी समजतात. गन्गन त्यांना गर्विष्ठ मानतात. परचक्र आल्यावर राणी पद्मे अमिडाला गन्गनांच्या पवित्र स्थळी जाते आणि त्यांच्या प्रमुखापुढे गुडघे टेकून साहाय्याची याचना करते. संपूर्ण चित्रपटात राजकीय शहाणपणाची एवढीच एक कृती आहे आणि त्या स्थळाचा रस्ता दाखवणारा जार जार आहे. दोन्ही समाजांच्या वेशीवर उभा असलेला, दोन्हीकडे हास्यास्पद ठरलेला हा एकटाच त्यांच्यामधला दुवा होऊ शकतो.

‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) मध्ये मात्र ही व्यक्तिरेखा अनपेक्षित उंचीला जाते. पद्मेच्या जीविताला धोका असल्यामुळे ती अज्ञातवासात गेली आहे आणि सिनेटमध्ये तिची जागा जार जारकडे आली आहे. सैन्यनिर्मितीला पद्मेचा विरोध आहे. कुलपती पॅलपटीन याला आणीबाणीचे अधिकार हवे आहेत. पण तो ते स्वतः मागू शकत नाही. असा प्रस्ताव मांडण्याचे धैर्य कोण दाखवील, सिनेटर अमिडाला आज येथे असत्या तर, असे उद्गार जार जारच्या देखत काढले जातात. भोळा जार जार उठतो आणि सभागृहात प्रस्ताव मांडतो. टाळ्यांच्या कडकडाटात प्रजासत्ताक आपली सत्ता एका माणसाच्या स्वाधीन करते.

योडाच्या प्रसंगाशी या प्रसंगाची तुलना केली म्हणजे ल्यूकस यांची योजना स्पष्ट होते. १९८० मध्ये विदूषकाच्या वेषाआड ज्ञानी निघाला. येथे वेषाआड कोणीही नाही. जो भोळा दिसत होता तो भोळाच आहे. त्याला कोणी काही शिकवले नाही, कोणी त्याचे ऐकले नाही, कोणी त्याला गंभीरपणे घेतले नाही. त्याला गंभीरपणे घेणारा पहिला माणूस हुकूमशहा निघाला. प्रस्ताव त्याच्या तोंडून आला असला, तरी अपराध त्याच्या एकट्याचा नाही. सभागृहाने संमती दिली. जेडायांनी ते सैन्य स्वीकारून त्याचे नेतृत्वही पत्करले. तरी प्रेक्षकांनी दोषी धरला तो जार जारलाच. त्यातही तुच्छतेची तीच सवय दिसते.

संस्कृत नाटकाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील मैत्रेयाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नवव्या अंकात मित्राची बाजू घेऊन न्यायसभेत आलेला हा विदूषक रागाच्या भरात शकाराशी हातघाईवर येतो आणि त्याच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार खाली पडतात. चारुदत्ताविरुद्धचा पुरावा त्याच्या जिवलग मित्राकडूनच पुरवला जातो. विदूषकाची बावळट कृती केवळ हशासाठी नसते, ती कथानकाला विनाशाच्या कडेला नेऊ शकते, याचा याहून समर्पक दाखला मिळणे कठीण.

मग मैत्रेय प्रिय आणि जार जार अप्रिय का? मैत्रेयाला चारुदत्ताचे प्रेम लाभले आहे. दारिद्र्यातही सोबत न सोडणारा मित्र म्हणून नायक त्याच्याकडे पाहतो, आणि प्रेक्षक नायकाच्या डोळ्यांनी पाहतो. जार जारकडे अशा डोळ्यांनी पाहणारे कोणी नाही. क्वाय-गॉनला त्याच्याविषयी दया आहे, परंतु जिव्हाळा नाही. ओबी-वान केनोबीच्या मनात त्याच्याविषयी उघड तुच्छता आहे. प्रेक्षकाची चिडचिड ही अशा रीतीने चित्रपटातील थोर पात्रांकडूनच त्याच्याकडे आलेली आहे. ती स्वाभाविक आहे. पण तिच्यावर थांबणे म्हणजे ओबी-वानच्या आंधळेपणात सहभागी होणे होय.

४

तथापि एका आक्षेपाला बगल देऊन जार जारची बाजू मांडता येणार नाही. त्याची मोडकी बोली कॅरिबियन बेटांवरील इंग्रजीची आठवण करून देते आणि त्याचे हावभाव अमेरिकेतील जुन्या रंगमंचावर कृष्णवर्णीयांची जी विडंबने होत त्यांच्याशी जुळतात, अशी टीका १९९९ मध्येच झाली. ल्यूकस यांनी ती नाकारली. परंतु हा आक्षेप ‘कंटाळवाणा आहे’ या आक्षेपाच्या जातीचा नाही. तो चित्रणाच्या नीतीविषयीचा आहे आणि त्याचे उत्तर रचनेतील कार्य दाखवून देता येत नाही.

विदूषकाची तुलना येथेही उद्बोधक ठरते. मैत्रेय ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. पण त्या रंगमंचावर बहुसंख्य पात्रे कोणती ना कोणती प्राकृत बोलतात. भाषांची ती उतरंड निरागस नव्हती, हे खरेच. परंतु प्राकृतातच नायिकेचे प्रेम आणि शोक व्यक्त होत असल्यामुळे ती भाषा केवळ हास्याची खूण ठरत नाही. जार जारच्या बोलीला असे दुसरे कार्य दिलेले नाही. ती एका जिवंत समाजाच्या उच्चारांची आठवण करून देते आणि प्रत्येक वेळी हशाच मागते. तुच्छतेचे दुष्परिणाम दाखवू पाहणारा दिग्दर्शक तुच्छतेच्याच जुन्या साधनांनी पात्र घडवतो, हा या व्यक्तिरेखेतील खरा अंतर्विरोध आहे. त्या पात्राचे समर्थन करणाऱ्याने हा दोष मान्य केला पाहिजे. दोष मान्य केल्याने पात्राचे कार्य रद्द होत नाही. उलट टीका कोणत्या बिंदूवर करायची हे निश्चित होते.

५

‘द फँटम मेनस’मध्ये क्वाय-गॉन वाळवंटी ग्रहावरून एका नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर घेणार असे कळते, तेव्हा आणखी एक दयनीय जीव गळ्यात पडणार, अशा अर्थाचे उद्गार ओबी-वान काढतो. पहिला जीव जार जार; हा दुसरा मुलगा म्हणजे गुलामगिरीत जन्मलेला अ‍ॅनाकिन, पुढचा डार्थ व्हेडर. एकाच वाक्यात दोघांना एका पंक्तीला बसवून दिग्दर्शकाने दोन्ही नावडत्या व्यक्तिरेखांचे नाते सांगून ठेवले आहे.

२००२ आणि २००५ च्या चित्रपटांत हेडन ख्रिस्टेन्सेन यांनी रंगवलेला तरुण अ‍ॅनाकिन हट्टी, कुरकुरा, आत्मकेंद्री आहे. त्याचे प्रेमालाप अवघडलेले आहेत. वाळूविषयीची त्याची तक्रार तर चेष्टेचा कायमचा विषय झाली. ‘रॅझी’ हे निकृष्ट अभिनयाचे उपरोधिक पारितोषिक या भूमिकेला दोन्ही वेळा मिळाले. प्रेक्षकांची अपेक्षा वेगळी होती. पहिल्या त्रयीतील काळ्या मुखवट्याचा भव्य खलपुरुष त्यांच्या मनात होता. त्याचे तारुण्यही तितकेच भव्य असावे, असे त्यांना वाटत होते.

ही अपेक्षा पुरवण्यास चित्रपट नकार देतो, आणि तेथेच त्याचे मोल आहे. जुलमी सत्ताधीश तारुण्यातही रुबाबदार असलाच पाहिजे हा समज धोक्याचा आहे. अ‍ॅनाकिनला आईपासून तोडले गेले. आईची आठवण येते म्हणून जेडाय मंडळाला त्याच्यात भय दिसले, पण त्या भयाचे काय करायचे हे त्याला कोणी शिकवले नाही. आसक्ती वर्ज्य, एवढेच सांगितले. भावनेची भाषाच ज्याला मिळालेली नाही तो प्रेम व्यक्त करताना अडखळणारच. कुरणातील प्रेमप्रसंगात तो सहज बोलून जातो, की लोकांचे एकमत होत नसेल तर ते कोणीतरी घडवून आणले पाहिजे. पद्मे ते हसण्यावारी नेते. पुढे आईच्या मृत्यूनंतर त्याने स्त्रिया आणि मुलांसह संपूर्ण वस्तीची कत्तल केल्याचे तो तिच्यापाशी कबूल करतो, तेव्हाही ती त्याची समजूतच घालते. प्रेक्षकाला हे खटकते, आणि खटकलेच पाहिजे. हुकूमशाहीची चिन्हे तिच्या निकटवर्तीयांना प्रथम पोरकटपणाच वाटतात, हे चित्रपटाला सांगायचे आहे.

ल्यूकस यांच्या संवादलेखनात लालित्य नाही, हे यावरही खरे उरते. अ‍ॅनाकिनचा प्रत्येक कृत्रिम उद्गार हेतुपूर्वक लिहिला आहे असे म्हणणे हे समर्थन नसून वकिली ठरेल. परंतु संवाद कमजोर आहेत हा एक निष्कर्ष झाला आणि व्यक्तिरेखेची कल्पनाच चुकीची आहे हा दुसरा. पहिला सिद्ध झाला म्हणजे दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

६

‘द लास्ट जेडाय’ (२०१७) या रायन जॉन्सन दिग्दर्शित चित्रपटातील रोझ टिको ही बंडखोरांच्या ताफ्यातील एक सामान्य तंत्रज्ञ. तिची बहीण पेज चित्रपटाच्या प्रारंभीच्या बाँबहल्ल्यात मारली जाते. हा हल्ला पो डॅमरन या धाडसी वैमानिकाने सेनानी लेयाची आज्ञा डावलून चालवलेला असतो. शत्रूची प्रचंड युद्धनौका नष्ट होते. पण बाँबफेकी विमानांचा सारा ताफाही संपतो. पोला पदावनती मिळते. शौर्य कशाला म्हणावे, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच प्रसंगात उपस्थित झालेला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या लढाईत रोझ देते. फिन हा तिचा सोबती शत्रूच्या तोफेवर आपले छोटे वाहन आदळून प्राण द्यायला निघतो. रोझ आपले वाहन त्याच्यावर आदळून त्याला रोखते आणि द्वेष्य गोष्टींशी लढून नव्हे, तर प्रिय गोष्टी वाचवून विजय मिळेल, अशा आशयाचे बोलते. या कृतीसाठी तिच्यावर सर्वाधिक टीका झाली. तिच्यामुळे तोफ थांबली नाही, साऱ्यांचा जीव धोक्यात आला, हा आक्षेप युद्धनीतीच्या दृष्टीने बरोबरही आहे. पुढे ल्यूक स्कायवॉकर प्रकट झाल्यामुळे उरलेले वाचतात, म्हणजे रोझच्या निर्णयाची पूर्ण किंमत मोजण्याचे चित्रपटाने टाळले, हेही मान्य करावे लागेल. परंतु ही कृती अकारण आहे असे म्हणणे म्हणजे पहिला प्रसंग विसरणे होय. आत्मबलिदानाच्या गौरवात बहीण गमावलेली स्त्री तेच दुसऱ्यांदा घडू देत नाही. वीरकथेचा सर्वांत प्रिय क्षण तिने प्रेक्षकाच्या हातून काढून घेतला; त्याचा राग तिच्यावर निघाला.

७

हा राग पात्रापुरता राहिला नाही. जार जारची भूमिका करणारे कृष्णवर्णीय अभिनेते अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले, की त्या काळातील टीकेमुळे ते जीवन संपवण्याच्या विचारापर्यंत पोहोचले होते. रोझची भूमिका करणाऱ्या केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी निर्वासितांच्या कन्येने वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी माऱ्यानंतर त्याच वर्षी समाजमाध्यमावरील आपले लेखन काढून टाकले आणि पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या अनुभवावर लेख लिहिला. ‘हे पात्र मला आवडत नाही’ आणि ‘ही व्यक्ती येथे नको’ या दोन विधानांमधील अंतर किती झपाट्याने नाहीसे होते, याचे हे पुरावे आहेत. नावडीला निर्णयाचा दर्जा देण्याची सवय निरुपद्रवी नसते.

काळाच्या ओघात काही निवाडे बदललेही. ख्रिस्टेन्सेन २०२२ आणि २०२३ मध्ये दूरचित्रमालिकांतून त्याच भूमिकेत परतले, तेव्हा त्यांचे प्रेमाने स्वागत झाले. बेस्ट यांना २०२३ मध्ये एका जेडाय योद्ध्याची भूमिका मिळाली आणि तिचेही कौतुक झाले. १९९९ मध्ये बालवयात चित्रपट पाहणारी पिढी आता प्रौढ झाली, हे त्याचे एक कारण असावे. चित्रपट तेच राहिले, पाहणारे बदलले. यावरूनही लोकप्रियतेचा कौल व्यक्तिरेखेच्या गुणदोषांचा पुरावा म्हणून किती अपुरा आहे, हे ध्यानात यावे.

येथे असा प्रश्न विचारला जाईल, की मग प्रेक्षकाच्या नावडीला समीक्षेत स्थानच नाही काय? स्थान अवश्य आहे. पण ते आरंभबिंदूचे. एखादे पात्र असह्य वाटते तेव्हा कलाकृतीतील आणखी कोणाला ते असह्य वाटते, त्या असह्यतेचा कथानकात कोणी उपयोग करून घेतो काय, आणि ते पात्र वगळल्यास कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो, याचा शोध घ्यावा लागतो. या शोधानंतरही पात्र पोकळ ठरू शकेल. तसे ठरल्यास तो निष्कर्ष समीक्षेचा असेल. चित्रपटाइतकाच कादंबरी आणि नाटक यांच्या अध्यापनालाही हा विवेक लागू आहे. वर्गात एखाद्या पात्राविषयी नाराजीचा सूर उमटतो, तोच क्षण त्या पात्राकडे नीट पाहण्याचा असतो.

शोध टाळला म्हणजे काय घडते, हे २०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ने दाखवले. दोन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात रोझच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिटही आले नाही. बराच काळ ती तळावरच थांबते. दिवंगत कॅरी फिशर यांच्या जुन्या चित्रीकरणाशी जोडलेली तिची काही दृश्ये तांत्रिक कारणांनी गळाली, असे सहलेखक ख्रिस टेरिओ यांनी सांगितले होते. कारण काहीही असो, परिणाम प्रेक्षकांसमोर आहे. जी नावडती होती ती बाजूला गेली. पण तिच्याबरोबर तिचा प्रश्नही गेला. मरण्यातले शौर्य मोठे की वाचवण्यातले, हा २०१७ मध्ये धीटपणे मांडलेला प्रश्न मालिकेच्या अखेरच्या चित्रपटात पुढे नेणारे कोणीही उरले नाही.